हिंगणा एमआयडीसीतलं हार्ड अॅनोडायझिंग : सांगाल तेवढेच मायक्रॉन

आमचं काम न्यूमॅटिक सिलिंडरच्या पिस्टनचं. माल ६०८२ ग्रेडचं अॅल्युमिनियम, त्यावर हार्ड अॅनोडायझिंगचा, म्हणजे अॅसिडच्या टाकीत करंट देऊन चढवलेल्या कडक ऑक्साइड थराचा, कोट ५० मायक्रॉन (०.०५ मिमी). आधीच्या जॉबवाल्याकडून कधी ३५ भरायचे, कधी ६५. विचारलं की उत्तर ठरलेलं: "रंग गडद आला ना भाऊ, मग झालं!"

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या या शॉपमध्ये पहिलाच प्रश्न आला, "ड्रॉइंगवरचं माप कोटिंगच्या आधीचं की नंतरचं?" तिथंच मला बरं वाटलं. थर साधारण निम्मा धातूत उतरतो, निम्मा वर चढतो. म्हणजे ५० च्या कोटला एका बाजूने २५ वाढतात आणि ओडी (बाहेरचा व्यास) ५० ने. आता आम्ही टर्निंगलाच ०.०५ मिमी कमी ठेवतो.

नुसतं घड्याळ बघून हे लोक माल काढत नाहीत. नगाचं क्षेत्रफळ काढून करंट ठरवतात. चौरस डेसिमीटरला ३ अँपिअर धरले की मिनिटाला साधारण १ मायक्रॉन चढतो. करंट हळूहळू वाढवतात, नाहीतर नग जळतो. तांबं जास्त असलेला २०२४ ग्रेडचा माल तर फारच लवकर, म्हणून दोन ग्रेडचा माल एका जिगवर टांगायला ते चक्क नकार देतात. सोबत आमच्याच मालाची चपटी पट्टी लटकवतात. माझ्यासमोर थराची जाडी मोजणारं एडी करंट गेज आधी बिनकोटच्या पट्टीवर शून्य केलं, मग कोटवाल्या पट्टीवर टेकवलं: ४८, ५१, ५०, ५२. गोलाईवर हे गेज फसवतं, म्हणून पट्टी.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर ४५ अंश, वर पत्र्याची शेड, आणि टाकीतलं सल्फ्युरिक अॅसिड शून्याच्या आसपास ठेवायचं. अॅसिड तापलं की चढलेला थर विरघळायला लागतो, कोट मऊ पडतो. अॅसिड थंड ठेवणारा चिलर दमला त्या दिवशी यांनी फोन करून माल उद्यावर टाकला. डिलिव्हरी चुकली, चिडचिडही झाली, पण मऊ कोट माथी मारला नाही.

तक्रार मास्किंगची, म्हणजे जिथं कोट नको ती जागा झाकण्याची. एका लॉटला एम ६ च्या टॅपमधले (आटे पाडलेल्या भोकातले) सिलिकॉन प्लग सैल होते. आट्यांवर कोट चढला की पिच डायमीटर (आट्यांचा मधला व्यास) थराच्या दुप्पट, म्हणजे १०० मायक्रॉनने आवळतो. आटे तपासायचं गो गेज, जे आत जायलाच हवं, ते जाईना. पुन्हा टॅप मारून त्यांनीच दिले, पण आता प्लग मी स्वतः तपासतो.

दर बाजारापेक्षा चढा आहे. दोन-चार नगांसाठी जाऊ नका, कमीत कमी बिल लागतंच. रिपोर्ट मात्र मागावा लागत नाही, चलनालाच टाचलेला असतो.