मालवणचं कौलारू घर की रत्नागिरीचा बंगला?

कोल्हापूरच्या कुटुंबाला समुद्राजवळ घर घ्यायचं असलं की दोन गावं हटकून पुढे येतात. मालवणात दांडी किंवा चिवला किनाऱ्याच्या आसपास, नारळाच्या वाडीतलं जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू घर. रत्नागिरीत मांडवी-भाट्ये बाजूला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, बंगला. किमतीत फार फरक नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तुमच्याकडून जे घर जास्त वेळा उघडलं जाईल, ते घ्या. किनाऱ्यालगतचं घर बंद राहिलं की बुरशी, वाळवी आणि गंज एकदमच लागतात.

म्हणून आधी रस्ता. रत्नागिरी आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर. शनिवारी सकाळी निघालं की जेवायला पोचता येतं. मालवण गगनबावडा-कणकवलीमार्गे दीडशेच्या पुढे जातं, आणि मधला करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी बराच काळ बंद होता. पावसाळ्यात दरडीची धास्ती दोन्हीकडे आहेच. घरात आई-वडील राहणार असतील तर रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय शहरातच आहे. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, पण जिल्हा रुग्णालय ओरोसला.

आता बांधकाम, कारण खरा खर्च इथे लपलेला असतो. जांभ्याच्या भिंतीत लोखंड नसतं, त्यामुळे खारी हवा तिचं फारसं वाकडं करत नाही. कौलारू घराचा जीव असतो छपरात. घर बघायला जाल तेव्हा ओटीवर बसून चहा घेण्याआधी शिडी मागा. वासा भिंतीवर जिथे टेकतो तिथे पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. रीपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, काळ्या पडल्या असतील तर तिथे पाणी गळतंय. शिवाय दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस लागतो, आणि असे कसबी गडी आता सहज मिळत नाहीत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवण परिसरात किती छपरं उडाली, किती माड पडले, हे शेजाऱ्यांनाच विचारा. या घराचं छप्पर तेव्हा टिकलं का, हेही तेच सांगतील.

आरसीसी बंगला वरून टापटीप दिसतो, पण रंगावर जाऊ नका. छज्ज्याच्या आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला तांबूस ओघळ किंवा सळीच्या रेषेतली चीर दिसते का पाहा. नाण्याने ठोका, बद्द आवाज आला तर आतली सळी गंजून फुगलेली असू शकते. ही दुरुस्ती कौलं बदलण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. असा बंगला मी तरी घेणार नाही. विहिरीचं पाणी खारं होतं का, हे दोन्हीकडे मे महिन्यात चाखून बघा.

कागदपत्रांत मालवणचं जुनं घर जास्त घाम काढतं. सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावं असतात, वारस मुंबईत विखुरलेले, लग्न झालेल्या बहिणींचाही हिस्सा असतो. एकाची सही राहिली तरी व्यवहार अडकतो. घरपट्टी विकणाऱ्याच्या नावावर आहे, एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. वाडीची जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. तुमचा करवीर किंवा पन्हाळ्यातला सातबारा असेल तर तो इथे कामी येईल. बंगल्याला बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता पत्रक मागा. दोन्हीकडे वकिलाकडून मालकी आणि बोजे तपासणारा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्याच.

आपल्याला कोल्हापूरकरांना पंचगंगेची पूररेषा २०१९ च्या महापुरानंतर चांगली कळली. किनाऱ्यावर तशी भरतीरेषा असते आणि तिच्यापासूनच्या पट्ट्यात सीआरझेडचे, म्हणजे किनारी बांधकामावर बंधनं घालणारे, नियम लागू होतात. जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं. पण वर मजला चढवून चार खोल्या भाड्याने देऊ, हा बेत परवानगीअभावी फसू शकतो. पर्यटकांवर उत्पन्न काढायचं असेल तर मालवण नक्कीच सरस, मात्र घरातलं कुणीतरी तिथे मुक्कामी हवं.

तसं कुणी नसेल, महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारीच जाणं होणार असेल, तर रत्नागिरी घ्या. विसार देण्याआधी ते घर जुलैच्या मुसळधार पावसात एकदा आतून पाहा, आणि विसारपावतीवर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे सोडू नका.