कोपरात दबलेल्या नसेसाठी फिजिओथेरपी: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला सतत मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग, ब्लाउजचे हुक लावताना बोटं अडखळणं, असा माझा त्रास होता. एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या) तपासणीत कोपरापाशी अल्नर नस, म्हणजे करंगळीकडे जाणारी संवेदनेची नस, दबल्याचं निघालं. प्रमाण सौम्य, ताकद शाबूत. म्हणून ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवून फिजिओ सुरू केली.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला ते आधी सांगते, आणि तो व्यायाम नव्हे. कोपर पूर्ण दुमडलं की ही नस आतल्या बाजूच्या हाडामागे ताणली जाते आणि तिथला चिंचोळा बोगदा आणखी आवळतो. मी शिक्षिका. पेपर तपासताना डावं कोपर टेबलाच्या कडेवर आणि गाल तळहातावर, ही वर्षानुवर्षांची बैठक. रात्री तोच हात दुमडून उशीखाली. फिजिओताईंनी झोपताना कोपराभोवती जाडसर टॉवेल सैल गुंडाळायला लावला, म्हणजे झोपेतही हात पुरता दुमडत नाही. विकतच्या स्प्लिंटमध्ये (कोपर दुमडू न देणाऱ्या पट्ट्यात) घामाने खाज यायची, टॉवेल मात्र मानवला. काही आठवड्यांतच रात्रीची जाग थांबली. फोनवर बोलायला आता इअरफोन, आणि कोपर टेबलावर टेकवणं बंद.

व्यायाम म्हणजे नस हलकेच सरकवणं. हात बाजूला उचलायचा. कोपर वाकवताना मनगट आत सैल सोडायचं, कोपर सरळ करताना मनगट मागे वळवायचं. नेफ्यातली नाडी एकीकडे ओढताना दुसरं टोक ढिलं सोडावं, तसं. दोन्ही टोकं एकदम ताणायची नाहीत आणि मुंग्या वाढल्या की तिथेच थांबायचं, अशी ताईंची सक्त ताकीद. पाच मिनिटांचं काम, पण केल्यावर हात मोकळा वाटतो हे खरं.

तरीही महागडं दहा-वीस सेशन्सचं पॅकेज घ्यावं असं मी म्हणणार नाही. स्वीडनमधल्या २००९ च्या एका अभ्यासात सौम्य-मध्यम त्रासाच्या रुग्णांचे तीन गट होते: एकाला नुसती सवयींची माहिती, दुसऱ्याला सोबत रात्रीचा स्प्लिंट, तिसऱ्याला सोबत हे व्यायाम. तिन्हींत बहुतेकांना आराम पडला, गटागटांत फारसा फरक नव्हता. माझा अनुभव याच्याशी जुळतो. पद्धत नीट शिकायला दोन-तीन बैठका पुरतात, पुढचं घरी होतं.

आज मुंग्या जवळपास गेल्यात. पेपरांचा मोठा गठ्ठा संपवला की करंगळी अजून थोडी झिणझिणते, म्हणून टॉवेल सोडलेला नाही.

ज्यांच्या अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसायला लागलाय, किंवा या दोन बोटांत सरळ धरलेला कागद कुणी ओढला की सहज निसटतो, त्यांनी कृपया व्यायामावर महिने घालवू नयेत. स्नायू झिजायला लागल्याची ती खूण असू शकते. थेट हाताच्या सर्जनला दाखवा.