काचबिंदूनंतर डोळा पुन्हा मोजणारे रुग्णालय : रेल्वे लाइन्स, सोलापूर

रेल्वे लाइन्स भागातील ज्या नेत्ररुग्णालयात माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याची आधी काचबिंदूची आणि पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेथील मोजमापांविषयीच मी येथे लिहिणार आहे. कुशल सर्जन सोलापुरात इतरत्रही आहेत. परंतु काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याची मापे बदलतात हे ध्यानात घेऊन तो पुन्हा मोजणारी आणि त्या आकड्यांचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणारी सेवा मला येथे मिळाली.

थेंब नियमित घालूनही वडिलांच्या डोळ्याचा दाब २८च्या खाली येत नव्हता. साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा धरतात. त्यामुळे ट्रॅबेक्युलेक्टॉमी करावी लागली. नेत्रतज्ज्ञ केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेल्या या पद्धतीत वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, झडपेसारखी वाट करून आतील पाणी बाहेर वळवतात. गेलेली नजर त्याने परत येत नाही, हे डॉक्टरबाईंनी आधीच स्पष्ट सांगितले होते.

दाब १२वर आला, पण चष्मा लगेच बदलायला डॉक्टरबाईंनी मनाई केली. झडपेच्या टाक्यांचा ताण पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर (कॉर्नियावर), पडून त्याचा उभा वक्र वाढतो, म्हणून सिलिंड्रिकल नंबर (असमान वक्रामुळे लागणारा चष्म्याचा नंबर) येतो, आणि टाके सैल होतील तसा तो काही महिन्यांत बराचसा उतरतो. बुबुळापुढचा कप्पाही सुरुवातीला उथळ होऊ शकतो. तो बहुधा पूर्ववत होतो. वडिलांनी आयुष्यभर यंत्रमागावर तुटलेले धागे सांधले असल्याने अंधूक दिसण्याची त्यांना फार धास्ती वाटे, आणि तेथील तपासनीस मुलीने प्रत्येक भेटीत मागचा व आजचा वक्र शेजारी शेजारी ठेवून दाखवल्यामुळेच त्यांनी धीर धरला.

या मोजमापांचे खरे महत्त्व मोतीबिंदूच्या वेळी कळले. दाब उतरला की डोळ्याचे आवरण किंचित आक्रसते, पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर जाड होतो, आणि डोळ्याची मोजलेली लांबी कमी भरते. वडिलांची लांबी २३.४२ मिलिमीटरवरून २३.२५ झाली होती. एका मिलिमीटरची चूक चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच ते तीनचा फरक पाडते, म्हणजे वडिलांच्या बाबतीत जवळपास अर्ध्या नंबराचा प्रश्न होता. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला जुन्याच आकड्यांवर, मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग मागवण्याचा सल्ला मिळाला होता. येथे मात्र दाब आणि वक्र स्थिरावेपर्यंत थांबून नवी बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची लांबी व वक्र यांची मोजणी, केली गेली व तिच्यावरूनच भिंगाची शक्ती ठरली. आज वडील दूरचे चष्म्याविना पाहतात.

उणिवा आहेत. अक्कलकोट, विजयपूरकडचे रुग्ण सकाळीच येत असल्याने प्रतीक्षा फार लांबते, बसायला जागा अपुरी पडते, आणि अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो. आकडे इतक्या आस्थेने समजावणाऱ्या रुग्णालयाने ते मराठीत लिहून द्यायला हवेत, असे मी तेथे सांगूनही आलो आहे. जाणाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या बायोमेट्रीचा कागद सोबत न्यावा. तुलनेसाठी तो येथे आवर्जून मागतात.