पुंता काना की नेग्रिल: दोघांचा एक आठवडा

मुलांना आजीकडे ठेवून दोघांनीच आठवडाभर समुद्रावर जायचं ठरलं, की न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्यांत गाडी हमखास दोन नावांवर येऊन थांबते: डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना आणि जमैकातलं नेग्रिल. आम्ही दोन्हीकडे एकेक आठवडा काढला आहे. विमान दोन्हीकडे साधारण चार तासांचं, राहणं-खाणं-पिणं एकाच पैशात, वाळू पांढरी. मग फरक काय? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक दिशेचा.

पुंता काना बेटाच्या पूर्व टोकाला आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि संध्याकाळी तुमच्या पाठीमागे, माडांच्या आणि इमारतींच्या आड मावळतो. नेग्रिलचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मी दापोलीची. समुद्रावर जायचं म्हणजे दिवेलागणीच्या आधी जाऊन सूर्य बुडेपर्यंत बसायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पुंता कानाला संध्याकाळी किनारा ओस पडायचा आणि रोज काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. नवरा पहाटे उठणारा, तो मात्र तिथे खूश होता. तुम्ही दोघं कुठल्या वेळची माणसं आहात, हे आधी बघा.

दिशेमुळे पाणीही बदलतं. पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पुंता कानाला थेट लागतात. त्यामुळे उकडत नाही, लाटाही छान असतात, पण त्याच वाऱ्याबरोबर सार्गासम येतं. हे तपकिरी, तरंगतं समुद्री शेवाळ 2011 पासून अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणात येऊ लागलं आहे आणि साधारण एप्रिल ते ऑगस्ट त्याचा जोर असतो. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. सकाळी सहाला ट्रॅक्टर किनारा खरवडायचा, माणसं फावड्यांनी ढीग रचायची, आणि दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात पुन्हा तोच लगदा. उन्हात कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. बुकिंगच्या वेळी रिसॉर्टने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, त्याचा राग अजून गेलेला नाही. नेग्रिल आडोशाला असल्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी. पाणी शांत, उतार इतका मंद की कंबरेएवढ्या पाण्यात खूप आत चालत जाता येतं. दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल तर माझं मत डोळे झाकून नेग्रिलला.

पोहोचण्याची सोय मात्र पुंता कानाची. विमानतळावरून अर्ध्या तासात खोलीत. नेग्रिलला माँटेगो बेला उतरून दीड तास गाडीने जावं लागतं. गाड्या आपल्याकडच्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, ड्रायव्हर इंग्रजीत गप्पा मारतो, त्यामुळे तो दीड तास मला जड गेला नाही. पुंता कानाला रिसॉर्टच्या फाटकाबाहेर स्पॅनिशशिवाय अडतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर डॉमिनिकन रिपब्लिकचा वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त ई-तिकीट नावाचा फुकटचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. जमैकाला भारतीय पर्यटकांना व्हिसा लागत नाही. पण एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांनो, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपली असेल तर दोन्ही नावं बाजूला ठेवा. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत तुम्हाला या बेटांवरून मिळत नाही.

आता जेवण, आणि इथे मी उघडउघड एका बाजूची आहे. पुंता कानाच्या बुफेत पदार्थ शेकड्याने, पण तिखट नावाला नाही. कच्च्या केळ्याच्या जाड चकत्या तळून, चेपून पुन्हा तळलेले तोस्तोनेस मात्र रोज खाल्ले. घेवड्याची उसळ शाकाहारी दिसली तरी विचारून घ्या, कधी कधी ती मांसाचा तुकडा घालून शिजवतात. नेग्रिलला पहिल्याच सकाळी ताटात कालालू आला. कांदा, लसूण, टोमॅटोवर परतलेली पालेभाजी. एक घास खाल्ला आणि दोघांनी एकदमच म्हटलं, ‘अरे, हा तर माठ!’ खरोखर माठाच्याच कुळातली भाजी आहे ती. शिवाय जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवण बिनमांसाचं, नारळाच्या दुधातलं. बकऱ्याचं कालवण आणि रोटीही तिथे घरची मानतात, कारण 1845 साली ‘ब्लंडेल’ जहाजातून भारतीय मजूर जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला उतरले, त्यांनीच ते नेलं. गांजा हा शब्दही तिकडे आपल्याकडूनच गेला. किनाऱ्यावर तो विकायला येतात. व्हिसावर राहणाऱ्यांनी हसून नाही म्हणावं.

पैशाच्या दृष्टीने पुंता काना साधारण स्वस्त पडतं, आणि नुसतं पडून राहायचं असेल, फाटकाबाहेर पाऊलही टाकायचं नसेल, तर तेच घ्या. महिना मात्र डिसेंबर ते मार्चमधला निवडा.

जमैकाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ नेग्रिल ज्या वेस्टमोरलँड परगण्यात येतं, तिथेच धडकलं. ते फोटो बघताना मला 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आणि आमच्याकडच्या आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा आठवत होत्या. वादळानंतर गिऱ्हाईक परत येणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून नेग्रिल टाळू नका. फक्त पैसे भरण्याआधी रिसॉर्टला फोन करून विचारा: सगळ्या खोल्या उघडल्या का, रेस्टॉरंटं किती चालू आहेत. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. त्यातच जाणं भाग असेल तर दक्षिणेकडचं अरुबा बघा, ते वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बाहेर आहे.

आणि नेग्रिल ठरलंच, तर रात्रीच्या जेवणाची पहिली पाळी घेऊ नका. हिवाळ्यात तिथे सूर्य साडेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान बुडतो, आणि त्यानंतरही अर्धा तास वाळूतून उठवत नाही.