यॉर्कच्या गल्ल्यांतून इंग्रजी: सात महिन्यांचा अनुभव आणि एका ‘गेट’वरून झालेलं भांडण

मागच्या आठवड्यात, मी इंग्रजी शिकायला वापरते त्या अ‍ॅपचं नवं अपडेट आलं आणि माझी ‘साठवलेले शब्द’ ही यादी कोरी झाली. ४१२ शब्द होते. तेव्हापासून ग्राहक सेवेशी जी पत्रापत्री चालली आहे तिने वैतागून हे लिहायला बसले आहे, नाहीतर चार तारे देऊन मोकळी झाले असते. जागेवर जायचं, कानात गोष्ट ऐकायची, मग त्यातले शब्द मराठी अर्थासकट कार्डावर, अशी त्याची पद्धत. मी वर्षाची वर्गणी भरली होती, ४८ पौंड. म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. आमच्या घरी तेवढ्यात तीन आठवड्यांचा भाजीपाला येतो, त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्न मी सोडणार नाही.

मी इथे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल होते तिथे, काम करते. शाळा मराठी माध्यमाची, कोल्हापूरजवळची. परीक्षेपुरतं इंग्रजी पक्कं होतं, पण कामावर कानावर पडणारं इंग्रजी वेगळंच निघालं, म्हणून हे घेतलं.

आता मुख्य तक्रार. पहिल्याच आठवड्यात स्टोनगेटला गेले. कार्डावर लिहिलेलं: गेट म्हणजे दार, फाटक. वीस मिनिटं त्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. दार नाही, कमान नाही. मग गुडरमगेट, तिथेही नाही. एक्झिबिशन स्क्वेअरपासून स्वयंसेवक फुकटात शहर फिरवून दाखवतात, त्या फेरीत शेवटी उलगडा झाला. गाइडबाईंनी सांगितलं की यॉर्कमध्ये रस्त्यांना गेट म्हणतात, गेटांना बार म्हणतात आणि बारना पब. रस्त्याच्या नावातलं ‘गेट’ दाराचं नाहीच. व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडून बोटींतून आलेल्या लढवय्यांनी, ८६६ साली हे शहर घेतलं, त्यांच्या बोलीत ‘गाता’ म्हणजे रस्ता. दाराचं ‘गेट’ जुन्या इंग्रजीतलं, अगदी वेगळ्या मुळाचं. आणि तटाचे खरे दरवाजे म्हणजे बूथम बार, मंक बार, वॉमगेट बार, मिकलगेट बार.

ही चूक एका कार्डापुरती असती तर मी सोडून दिली असती. पण तिथून पुढचं सगळं बिघडतं. कॉपरगेटच्या कार्डावर ‘कॉपर: तांबं’ आणि शेजारी तांब्याच्या हंड्याचं चित्र. मला केवढा आनंद झाला! पुण्याच्या तांबट आळीची सख्खी बहीण सापडली असं वाटलं, रात्री बाबांना फोन करून सांगितलं. तेही चूक. व्हायकिंगांच्या बोलीत ‘कोप्पारी’ म्हणजे पेले-वाडगे करणारा. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा लाकूड कातून वाडगे केल्यावर उरणारे लाकडाचे गाभेच्या गाभे मातीत मिळाले. म्हणजे ती तांबट आळी नव्हे, कातारी आळी. बाबांना परत फोन करावा लागला. त्यांनी ते आधीच दोन शेजाऱ्यांना सांगून झालं होतं.

‘गेट’ या एका शब्दाचा एवढा आग्रह मी का धरते आहे, तेही सांगते. कामावर फिजिओथेरपिस्टच्या नोंदीत एका आजींबद्दल ‘अनस्टेडी गेट’ असं आलं. स्पेलिंग जी-ए-आय-टी, अर्थ चालण्याची ढब. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही ‘गेट’च, म्हणून मी वहीत दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि कोश काढला. चालीचं ‘गेट’ त्याच ‘गाता’पासून आलेलं! वाट आणि वाटेवरची चाल, एकच शब्द, स्पेलिंग पुढे वेगळं झालं. आजींचा हात धरून व्हरांड्यात चालवताना हे मला रोज आठवतं. अ‍ॅपने कार्ड नीट केलं असतं तर हे त्यांनीच मला दिलं असतं, आणि त्यासाठीच तर पैसे भरले होते. मी तीन ईमेल लिहिले, दुसऱ्यात कोशातल्या नोंदीचा फोटो जोडला. तिन्ही वेळा ‘तुमचा अभिप्राय संबंधितांकडे पाठवला आहे’ एवढंच उत्तर.

तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझं मत बदललं, ते प्रामाणिकपणे लिहायला हवं. शॅम्बल्सचा धडा अप्रतिम आहे. ती खाटकांची गल्ली, दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून दिसतात, वरचे मजले इतके पुढे आलेले की आभाळाची पट्टीच उरते. मांस मांडायच्या फळीचा शब्द, त्यावरून मांसबाजार, मग कत्तलखाना आणि शेवटी नुसताच विस्कटलेला पसारा, हा शब्दाचा प्रवास त्या गल्लीत उभं राहून ऐकला. पुढच्याच आठवड्यात सिनिअर बाईंनी चादरींचं कपाट उघडून ‘धिस इज अ शॅम्बल्स’ म्हटलं आणि मला विचारावं लागलं नाही.

‘विंडो’चंही तसंच. व्हायकिंगांच्या बोलीत ‘विंदाउगा’, वाऱ्याचा डोळा. आणि आपलं गवाक्ष? गो आणि अक्ष, गाईचा डोळा. खिडकीला डोळा म्हणायचं इतक्या दूरच्या दोन लोकांना सुचलं, या विचाराने मला रात्री झोप लागेना. एग, नाइफ, स्काय, लॉ, हजबंड हे रोजचे शब्दही त्याच बोटींतून आलेले. हा भाग ज्याने लिहिला त्याला माझा नमस्कार.

खर्चाची बाजू मात्र अ‍ॅप नीट सांगत नाही. जॉर्विक केंद्र (व्हायकिंगांचं संग्रहालय) आणि मिन्स्टर (इथलं मोठं चर्च) यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. मी मिन्स्टरमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला गेले, त्याला पैसे पडत नाहीत. अर्थात तिथे फोन कानाला लावून बसता येत नाही, त्यामुळे मिन्स्टरच्या धड्याचा उपयोग शून्य. रेल्वे म्युझियम फुकट आहे. ‘मॅलर्ड’ इंजिनाने १९३८ साली ताशी १२६ मैल गाठले होते. त्याच्यामागे कोळसा-पाण्याची गाडी असते, तिला ‘टेंडर’ म्हणतात. मला टेंडर म्हणजे सरकारी निविदाच माहीत होती.

इथल्या स्थानिक बोलीचं नावही अ‍ॅपमध्ये नाही. सगळे आवाज बातम्या वाचल्यासारखे. आमचे एक आजोबा ‘आयम निदर्ड’ म्हणाले तेव्हा मी दोनदा विचारलं. ते थंडीने काकडले होते. ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘बेक’ म्हणजे ओढा, ‘जिनल’ म्हणजे बोळ, हे सगळं मी माणसांकडूनच शिकले.

मग यादी गेली. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन तटावर चढले. तट साधारण ३.४ किलोमीटर आहे, अधूनमधून तुटतो, चढायला पैसे नाहीत. बूथम बार ते मंक बार हा मिन्स्टरच्या पाठीमागून जाणारा तुकडा पहिल्यांदा केला. प्रत्येक जागा दिसली की तिथे शिकलेला शब्द लिहायचा. पोर्टकलिस (वरून खाली सोडायचं जाळीचं दार), रॅम्पार्ट (तटाचा बांध), बट्रेस (भिंतीला बाहेरून दिलेला आधार), गार्गॉइल (पावसाचं पाणी बाहेर टाकणारं दगडी तोंड). दोन सुट्ट्यांमध्ये ३३८ शब्द परत आले. जे ७४ आले नाहीत ते जवळजवळ सगळे ‘आजचा शब्द’ या सूचनांतले, म्हणजे घरी सोफ्यावर बसून साठवलेले. ती सूचना मी बंद केली, तुम्हीही पहिल्या दिवशीच करा.

ग्राहक सेवेने यादी परत येणार नाही असं कळवून एक महिना मुदतवाढ देऊ केली. मी नको म्हटलं. मला गेट आणि कॉपरगेटची कार्डं दुरुस्त करून हवी आहेत, तेवढं केलं तर मी पुन्हा ४८ पौंड भरीन, तसं लेखी कळवलं आहे. तोवर तीन तारे. आपोआप नूतनीकरण मी बंद केलंय. ते सेटिंग्जमध्ये ‘खाते’ या पानाच्या अगदी तळाशी आहे, सहज दिसत नाही. नव्याने घेणार असाल तर एकच महिना घ्या, शॅम्बल्स, विंडो आणि रेल्वेचे धडे उरका, आणि वही पहिल्या दिवसापासून ठेवा. माझ्या वहीतली रस्त्यांच्या नावांची चार पानं मी स्वच्छ लिहून काढते आहे, कुणाला हवी असल्यास सांगा, फोटो पाठवते.