रिस्पेरिडोन की अ‍ॅरिपिप्राझोल: स्वमग्नता आणि डोपामिन

स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडेपणासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये, तर अ‍ॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये मान्यता दिली. संवादातील मूळ अडचणी मात्र दोन्ही औषधे दूर करत नाहीत, आणि हे पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवे. रिस्पेरिडोन मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे डी-२ ग्राहक (पेशींवरील ज्या जागांना हे रसायन जोडले जाते त्या जागा) अडवते. त्यामुळे पिट्यूटरी ग्रंथीवरील डोपामिनचे नियंत्रण सुटून प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीशी संबंधित संप्रेरक) वाढते आणि काही मुलांमध्ये, अगदी मुलग्यांतही, स्तनांची वाढ दिसू शकते. अ‍ॅरिपिप्राझोल त्याच ग्राहकांना अंशतः उत्तेजित करते, म्हणजे डोपामिन जास्त असेल तेथे त्याचा परिणाम घटवते आणि कमी असेल तेथे थोडा टिकवून धरते. म्हणून प्रोलॅक्टिनची चिंता असल्यास मला तेच अधिक सयुक्तिक वाटते. वजन दोन्हींनी वाढू शकते, त्यामुळे वजन व रक्तशर्करा नियमित तपासावी लागते.