सुझुकी कॅरी (डीडी५१टी) टेक्सासमध्ये वापरल्यावर: लोखंड टिकतं, रबर बघा

इंजिन गरम, एसी चालू, सिग्नलला थांबलं की गाडी बंद. स्टार्टर मारला की लगेच चालू, पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात जुनी कॅरी (जपानहून वापरलेली आणलेला सुझुकीचा छोटा मालवाहू ट्रक) चालवणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं कधी ना कधी भेटतं. गॅरेजचं निदानही ठरलेलं: ‘कार्ब्युरेटर गेला.’ आमच्याकडच्या एका गॅरेजने नवा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि मजुरी मिळून जो आकडा सांगितला, तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा बयाणा झाला असता. दोष निघाला साडेतीन मिलिमीटरच्या एका तडकलेल्या व्हॅक्यूम नळीत, म्हणजे इंजिनाचा हवा ओढण्याचा जोर (व्हॅक्यूम) इकडून तिकडे नेणाऱ्या रबरी नळीत.

म्हणून हा अनुभव रबराबद्दलच जास्त आहे, कंटाळा आला तर खाली कागदपत्रांकडे उडी मारा. ६६० सीसी, तीन सिलिंडर, सीटखाली इंजिन, ३५० किलो माल, उजवीकडे स्टिअरिंग हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

सीट उचलून इंजिनाचं झाकण काढलं की कार्ब्युरेटरभोवती बारीक काळ्या नळ्यांचं जाळं दिसतं. एक डिस्ट्रिब्यूटरच्या (ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सला जाते, एक एसीच्या आयडल-अपला (एसी लावला की उभ्या गाडीचे आरपीएम वाढवणाऱ्या भागाला), बाकीच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हांकडे (विजेवर चालणाऱ्या झडपांकडे). इंजिनाची धग आणि तीस वर्षं यांत त्यांचं रबर बिस्किटासारखं होतं. गंमत अशी की थंड इंजिनाला याचा पत्ता लागत नाही. चोक (थंड इंजिनाची हवा कमी करणारी झडप) मिश्रण दाट ठेवतो आणि गळतीतून आत येणारी फुकटची हवा त्यात खपून जाते. इंजिन तापलं, चोक उघडला की मिश्रण पातळ पडतं. त्यात आयडल-अपच्या डायफ्रामला (व्हॅक्यूमने हलणाऱ्या पडद्याला) पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणजे कॉम्प्रेसरचा भार आला की आरपीएम वर जायचे ते जात नाहीत. गाडी बंद. कार्ब्युरेटर यात निर्दोष असतो.

तपासणी सोपी आहे. इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या भागावर) व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सुई पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर असेल तर इंजिन बरं आहे. सुई स्थिर पण बरीच खाली असेल तर गळती शोधा. कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची सवय सगळ्यांना आहे, पण इथे एक्झॉस्ट हातभर अंतरावर तापलेला असतो आणि वर तुमची सीट. साध्या पाण्याची फवाऱ्याची बाटली घ्या, एकेका जोडावर फवारा मारा. जिथे आरपीएम क्षणभर ढळतील तिथे गळती आहे. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला इन्सुलेटर आणि त्याची गास्केट विसरू नका. नळ्या सगळ्या बदलून फरक पडला नाही तर संशयित तोच. डिस्ट्रिब्यूटरचा डायफ्राम हातपंपाने ओढून बघा. व्हॅक्यूम टिकला पाहिजे.

आता खरी डोकेदुखी, माप. मूळ नळीचं आतलं माप साडेतीन मिलिमीटर. अमेरिकेतल्या दुकानात माप इंचात. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.२ मिलिमीटर, निपलवर (नळी बसवायच्या तोटीवर) चढता चढत नाही. पाच बत्तिसांश म्हणजे जवळजवळ ४ मिलिमीटर, चढते मजेत आणि इंजिन तापलं की तितक्याच मजेत सुटते. मेट्रिक नळीच मागवा, चार-पाच मीटर पुरते. सिलिकॉनची दिसायला छान असते आणि धग सोसते, पण पेट्रोलची वाफ आणि ऑइल तिला मानवत नाही. कोळशाच्या कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्याकडे) जाणारी आणि पीसीव्हीची (इंजिनातली ऑइलची वाफ परत ओढणारी) नळी इंधनाला चालणाऱ्या रबराचीच हवी. जुनी नळी पकडीने ओढू नका. सोलेनॉइडचे प्लास्टिकचे निपल तितकेच म्हातारे असतात, तुटले की एका निपलपायी अख्खा व्हॉल्व्ह जपानहून मागवावा लागतो. ब्लेडने लांबीत चीर द्या, सोलून काढा. आणि एका वेळी एकच नळी. सगळ्या काढून मग फोटो बघून लावू म्हणाल तर शनिवार-रविवार दोन्ही गेले.

एकूण खर्च: नळी आणि क्लिपा मिळून चाळीस डॉलरच्या आत. गॅरेजच्या कागदावरचा आकडा डोळ्यांपुढे आणला की अजून चिडचिड होते. बाजारात कार्ब्युरेटरच्या स्वस्त नकलाही मिळतात. त्यांत बऱ्याचदा आयडल-अपसाठी लागणारे निपलच नसतात, म्हणजे पैसे घालून एसी घालवायचा.

इंधनाच्या नळ्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे गाडी बंद पडत नाही, पेटते. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि नव्वदच्या दशकातलं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. टाकीपासून फिल्टर, फिल्टरपासून पंप, पंपापासून कार्ब्युरेटर, शिवाय परतीची नळी, सगळ्या बदला. नळीवर ‘३०आर७’ किंवा ‘३०आर९’ (इंधनाच्या नळीची मानकं) छापलेलं हवं. टाकीच्या तोंडाची जाड नळी मागून दिसत नाही, आरशाने बघा. हे काम गाडी बंदरातून आली की पहिल्या आठवड्यात, धुण्याच्याही आधी.

ब्रेकमध्येही हेच रडगाणं. मास्टर सिलिंडर आणि मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर यांचे रबरी कप उभ्या गाडीत चिकटतात, चालवायला लागलं की फाटतात. कप बदलले की ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढताना एक घोळ होतो. इथला मेकॅनिक सवयीने मागच्या उजव्या चाकापासून सुरू करतो, कारण त्याच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर डावीकडे असतो आणि ते चाक त्याच्यापासून सगळ्यांत लांब. कॅरीत मास्टर सिलिंडर उजवीकडे. लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरू करा, नाहीतर पेडल स्पंजासारखं राहतं आणि ‘मास्टर सिलिंडर गेला’ हे पुढचं बिल तयार होतं.

टायमिंग बेल्टसाठी इंजिनाजवळ किंवा दाराच्या कडेला जपानी चिकटपट्टी शोधा. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर त्यावर लिहिलेले असतात. वर्ष जपानी पद्धतीचं असतं, हेइसेई ५ म्हणजे १९९३. पट्टी नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच समजायचं. ओडोमीटर ४० हजार दाखवतोय म्हणून गाफील राहू नका, रबराला किलोमीटर कळत नाहीत. अ‍ॅक्सलचे बूट, रेडिएटर आणि हीटरचे पाइप याच यादीत.

एक मत मात्र बदललं. कार्ब्युरेटरवाली गाडी घेऊच नये, थोडे जास्त पैसे टाकून फ्युएल इंजेक्शनची घ्यावी, असं पूर्वी ठाम वाटायचं. आता वाटत नाही. नळ्या एकदा नव्या केल्या की हा कार्ब्युरेटर निमूट चालतो आणि बिघडला तर पेचकस, गेज एवढ्यावर निभावतं. इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) बिघडला तर इथल्या कुठल्याही दुकानाच्या स्कॅनरला ती गाडी ओळखूच येत नाही.

आपल्याकडच्या लोकांचा एक हमखास सल्ला: ‘अरे, ही तर ओम्नीच! पुण्याच्या नाना पेठेतून पार्ट मागव.’ नातं खरं आहे. कॅरीचं एफ६ए आणि मारुती ८००-ओम्नीचं एफ८बी एकाच घराण्यातली इंजिनं. पण एफ६एचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ६६, एफ८बीचा ६८.५ आणि ७२. पिस्टन, रिंगा, हेड गास्केट यांतलं काहीही बसणार नाही. बाकीचा बारीकसारीक पार्ट जुना शेजारी ठेवून जुळला तरच घ्या. पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेत चकल्यांची जागा अंदाजाने मागवलेल्या पार्टला देऊ नका. फ्रेम नंबरवरून (म्हणजेच चासी नंबर) जपानी कॅटलॉगमधला पार्ट नंबर काढायचा आणि तोच मागवायचा, हा मार्ग सरळ.

आता कागद. जुनी गाडी आयात करायचा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम सोपा आहे: बनून २५ वर्षं झाली की सुरक्षा-मानकांतून सूट, २१ वर्षं झाली आणि इंजिन मूळ स्थितीत असलं की प्रदूषणाच्या नियमांतून सूट. २५ वर्षं उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात. सुरक्षेच्या फॉर्म एचएस-७ वर पहिला चौकोन, प्रदूषणाच्या ३५२०-१ वर ‘ई’ कोड. ट्रक म्हणून मूळ आयातकरच २५ टक्के. १९६४ सालचा आहे तो, युरोपने अमेरिकी कोंबडीवर कर लावला त्याचा वचपा. भांडण कोंबडीचं, भुर्दंड कॅरीला. खालच्या बाजूला शेतातली माती चिकटलेली असली की बंदरात धुलाईचं वेगळं बिल लागतं, म्हणून जपानमध्येच धुऊन पाठवायला सांगा. जपानमधल्या लिलावाच्या कागदावर गाडीचा नकाशा असतो, त्यात ‘एस’ म्हणजे गंज आणि ‘सी’ म्हणजे कुजलेला पत्रा. ‘ए’, ‘यू’ हे ओरखडे, पोचे, ते सोडून द्या.

केंद्राने सोडलं म्हणजे राज्य नोंदणी करून नंबर देईलच असं नाही. मोटार वाहन प्रशासकांच्या राष्ट्रीय संघटनेने या गाड्या रस्त्यावर नकोत अशी शिफारस केल्यापासून राज्याराज्यांत गोंधळ आहे. कोलोराडोने २०२५ मध्ये कायदा केला, तोही जुलै २०२७ पासून लागू. टेक्सासने एप्रिल २०२४ मध्ये नोंदणी खुली केली, म्हणून इथे निदान भांडायची गरज उरलेली नाही. कागद असे: जपानचं निर्यात-प्रमाणपत्र आणि त्याचा इंग्रजी अनुवाद, कस्टम्सचा आयातीचा फॉर्म ७५०१, शिक्क्यासह एचएस-७, टायटल (मालकीपत्र) आणि नोंदणीचा अर्ज १३०-यू, आणि पोलिसांच्या वाहनचोरी विभागाकडून चासी नंबर तपासल्याचा व्हीटीआर-६८-ए. हा शेवटचा आधी उरकून घ्या, त्याच्याशिवाय काउंटीच्या टॅक्स ऑफिसात रांग लावून उपयोग नाही. विक्रीकर सव्वासहा टक्के, सहा हजार पौंडांखालच्या गाडीची वार्षिक नोंदणी ५०.७५ डॉलर. खासगी गाड्यांची सुरक्षा-तपासणी जानेवारी २०२५ पासून बंद आहे आणि प्रदूषणाची चाचणी चोवीस वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना.

अँटिक (हौसेच्या जुन्या गाड्यांच्या) नंबरपाटीचा मोह टाळा. ती प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका यांसाठी असते. शेणखताची गोणी टाकून निघालात की नियम मोडला.

नंतरची लढाई विम्याची. कॅरीचा चासी नंबर ‘डीडी५१टी’ आणि पुढे सहा आकडे, म्हणजे सगळी मिळून ११ अक्षरं. विमा कंपनीच्या संगणकाला १७ हवीत. एका एजंटने मागे सहा शून्यं लावून प्रश्न मिटवायची तयारी दाखवली. हे कधीही करू देऊ नका. टायटलवरचा नंबर आणि पॉलिसीवरचा नंबर जुळला नाही तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. १७ अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या, म्हणजे १९८१ च्या आधीच्या गाड्यांसाठी नंबर हाताने भरायची सोय कंपन्यांकडे असते. तीच वापरा असं स्पष्ट सांगा आणि पॉलिसीवर ११ अक्षरं छापलेली बघूनच पैसे भरा. क्लासिक गाड्यांचा विमा स्वस्त दिसतो, पण कामाला जुंपलेली गाडी त्यात सहसा बसत नाही.

बारक्या कटकटी आणखी आहेत. टायर १४५आर१२. त्याच मापात ‘एसटी’ लिहिलेले ट्रेलरचे टायर स्वस्त मिळतात, ते लावू नका. स्टिअरिंगच्या आणि ड्राइव्हच्या चाकांसाठी ते नसतात. बॅटरीचे जपानी खांब बारीक असतात, इथली बॅटरी टाकायची तर वायरीची टोकंही बदलायची. नंबरपाटीची भोकंही जुळत नाहीत, जपानी २१० मिलिमीटरवर आणि इथली सात इंचांवर. पत्र्याची एक पट्टी मध्ये घालून भागतं. हेडलाइट मात्र सोडू नका. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशासाठीचा झोत डावीकडे वर जातो, म्हणजे इथे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

एवढी तक्रार करूनही गाडी विकायचा विचार का येत नाही, तर हौद्यासाठी. तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतात. चार बाय आठचं प्लायवूड चाकांच्या उंचवट्यांत न अडकता सपाट झोपतं, मागची फळी उघडी ठेवून अर्धा मीटर बाहेर. हौदा कमरेला लागतो, त्यामुळे खताची पोती बाजूने सरकवायची, उचलून टाकायची नाहीत. शेजाऱ्याच्या भल्यामोठ्या पिकअपच्या मागच्या कडेला माझी छाती लागते, त्यात पोतं टाकायला दोन माणसं हवीत. फ्रीवेवर मात्र ही गाडी नेऊ नका. पन्नास-पंचावन्न मैलांपर्यंत ठीक, साठला इंजिन किंचाळतं आणि गुडघ्यांपुढे फक्त पत्रा आहे.

राहिला एसी. १९९३ च्या आसपासच्या गाड्यांत गॅस जुना आर-१२ आहे की नंतरचा आर-१३४ए हे कॉम्प्रेसरवरच्या किंवा पुढच्या पत्र्यावरच्या पट्टीवर बघा. आर-१२ असेल तर नुसता नवा गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. ड्रायर (ओल शोषणारी डबी) नवा, ऑइल नव्या गॅसला चालणारं, जोडांवर अ‍ॅडाप्टर, आणि सगळे ओ-रिंग (जोडांमधल्या रबरी कड्या) हिरव्या एचएनबीआर रबराचे. जुने काळे ओ-रिंग ठेवून भरलेला गॅस फार दिवस टिकत नाही, आणि मग गॅरेजवाला सांगतो, कॉम्प्रेसर गेला.